मनगटाचे लिगामेंट : दुर्बिणीतून की उघडून?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पत्रलेखिका ४१ वर्षांच्या आहेत. पाच महिन्यांपूर्वी ओल्या पायरीवरून घसरून त्या उजव्या तळहातावर पडल्या. त्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, म्हणून मनगट मुरगळले असेल असे समजून त्यांनी तीन आठवडे क्रेप बँडेज बांधले. सूज उतरली. मात्र खुर्चीच्या हातावर रेटा देऊन उठताना किंवा भरलेली बादली उचलताना मनगटाच्या मागच्या बाजूला मधोमध कळ येते, पकड कमी झाली आहे आणि अधूनमधून आत ‘खट्’ असे काहीतरी सरकते. एमआरआयच्या अहवालात दोन नोंदी आहेत : स्कॅफोल्युनेट लिगामेंट (मनगटातील दोन लहान हाडांना एकमेकांशी जोडणारा चिवट पट्टा) पूर्ण तुटल्याची शक्यता, आणि टीएफसीसीच्या, म्हणजे मनगटातील करंगळीच्या बाजूच्या कूर्चायुक्त गादीच्या, मध्यभागी झिजेमुळे पडलेले छिद्र. एका सर्जनांनी ‘दुर्बिणीतून करू, दोन-तीन छोटी छिद्रे पुरतील’ असे सांगितले. दुसऱ्यांनी मूठ आवळून काही एक्स-रे काढायला सांगितले आणि ‘आधी दुर्बीण घालून आत बघेन, मग ठरवेन, कदाचित त्याच वेळी उघडावेही लागेल’ असे म्हटले. त्या लिहितात : ‘पहिले डॉक्टर ठाम वाटले. दुसऱ्यांची स्वतःचीच खात्री दिसली नाही. माझ्या भावाचे गुडघ्याचे ऑपरेशन दुर्बिणीतून झाले आणि आठवड्यात तो कामावर गेला. मग मी मनगट उघडून का घ्यावे?’

उत्तर :

तुम्ही दोन्ही सर्जनांचे म्हणणे जवळजवळ शब्दशः उतरवून पाठवलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी तसा प्रयत्नही करणार नाही. मात्र अशी मनगटे दोन्ही पद्धतींनी हाताळण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून तुमच्या पत्रातील तीन गृहीतकांविषयी मला बोलावेसे वाटते. छोटा छेद म्हणजे छोटे ऑपरेशन, हे पहिले. दुर्बीण म्हणजे नवे आणि उघडी शस्त्रक्रिया म्हणजे जुने, हे दुसरे. आणि आधीच ठाम सांगणारा डॉक्टर अधिक जाणकार, हे तिसरे. यातले तिसरे मला सर्वांत धोक्याचे वाटते, पण तिथवर पोहोचण्यासाठी तुमच्या मनगटात काय बिघडले असावे हे आधी समजून घ्यायला हवे.

मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत बसवलेली असतात. कोपराकडच्या ओळीत अंगठ्याच्या बाजूला स्कॅफॉइड, मध्ये ल्युनेट आणि करंगळीच्या बाजूला ट्रायक्वेट्रम अशी तीन महत्त्वाची हाडे आहेत. या तिघांचे वैशिष्ट्य असे, की त्यांना थेट ओढणारी एकही कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) त्यांच्यावर चिकटलेली नाही; वरून आणि खालून जसा दाब येईल तशी ती कलतात. स्कॅफॉइडचा कल तळहाताच्या बाजूला झुकण्याकडे असतो, ट्रायक्वेट्रमचा उलट दिशेला. ल्युनेट मात्र दोन मोठ्यांनी दोन्ही हात धरलेल्या मुलासारखे मधोमध सरळ उभे राहते, कारण दोन्हीकडची लिगामेंट त्याला धरून असतात. स्कॅफोल्युनेट लिगामेंट तुटले की एका बाजूचा हात सुटतो. स्कॅफॉइड पुढे झुकते, ल्युनेट मागे कलते आणि त्या दोघांमध्ये फट पडते. खुर्चीवर रेटा देताना मागच्या बाजूला मधोमध येणारी कळ आणि तो ‘खट्’ या वर्णनात बसतात, म्हणून तुमच्या दोन्ही डॉक्टरांचा संशय योग्य जागी आहे असे मला वाटते.

हे लिगामेंट इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वळलेले असते आणि त्याचे तीन भाग पडतात. हाताच्या मागच्या बाजूचा भाग सर्वांत जाड आणि बळकट असतो. मधला भाग पातळ पापुद्र्यासारखा असून त्याच्यावर फारसा भार नसतो. त्यामुळे ‘तुटले’ या एका शब्दात फारच वेगवेगळ्या परिस्थिती सामावतात. केवळ पापुद्रा फाटला असेल तर हाडे जागेवरच राहतात. मागचा बळकट भाग सुटला आणि त्याबरोबर आसपासची आधार देणारी लिगामेंटही सैल पडली, तर हाडांची मांडणीच बदलते. एमआरआय यातला फरक प्रत्येक वेळी खात्रीने दाखवू शकत नाही. तुमच्या अहवालात ‘शक्यता’ हा शब्द आहे, तो अहवाल लिहिणाऱ्याने विचार करून वापरलेला असतो. आपण रुग्ण आणि नातेवाईक तो वाचताना गाळून टाकतो.

आता तुमच्या भावाच्या गुडघ्याकडे येते. आठवड्यात कामावर गेला, यावरून त्याच्या गुडघ्यातील कूर्चेच्या गादीचा फाटलेला तुकडा छाटून काढला असावा असा माझा अंदाज आहे. छाटलेल्या गोष्टीला भरून यावे लागत नाही, शिवलेल्या गोष्टीला यावे लागते. हा भेद दुर्बीण आणि उघडी शस्त्रक्रिया यांतील भेदापेक्षा कितीतरी मोठा आहे. मनगटातही फाटलेल्या पापुद्र्याचे टोक दुर्बिणीतून साफ करायचे एवढेच काम असेल, तर काही आठवड्यांत हात वापरात येतो. पण लिगामेंट शिवायचे किंवा नव्याने बांधायचे असेल, तर हाडे जागेवर धरून ठेवण्यासाठी बहुधा त्यांच्यातून तारा घालतात आणि त्या साधारण सहा ते आठ आठवडे आत राहतात. त्यानंतर स्प्लिंट, हळूहळू हालचाल, तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास ताकदीचे व्यायाम, आणि तळहातावर पूर्ण भार घेण्याची किंवा जोराच्या खेळाची परवानगी सहा महिन्यांच्या आसपास. छेद तीन मिलिमीटरचा असो की सहा सेंटिमीटरचा, लिगामेंटला या वेळापत्रकाशी घेणेदेणे असते, कातडीवरच्या टाक्यांशी नाही. ‘दुर्बिणीतून करून घेतले म्हणजे लवकर मोकळी होईन’ या हिशेबावर तुम्ही रजा मागणार असाल, तर तो हिशेब आजच बदला.

दुसऱ्या गृहीतकाविषयी फार लिहायला नको. मनगटात दुर्बीण घालण्याचे तंत्र यूंग-चेंग चेन यांनी १९७९ साली सविस्तर मांडले आणि पुढच्या दशकात ते रुळले. म्हणजे तेही आता चाळिशी ओलांडलेले आहे. दुसरीकडे उघड्या शस्त्रक्रिया जागच्या जागी थांबलेल्या नाहीत. मनगट वाकवणाऱ्या एका कंडरेची पट्टी स्कॅफॉइडमधून ओवून ते हाड सरळ धरण्याची कल्पना ब्रुनेल्ली यांनी १९९५ साली मांडली आणि तिच्यात पुढे महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. नव्या-जुन्याच्या निकषावर येथे काही ठरत नाही.

मग ठरवायचे कशावर? २००६ साली मार्क गार्सिया-एलियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुखापतीसाठी प्रश्नांची एक मालिका मांडली, आणि तिचा उपयोग मला आजही सर्वांत जास्त वाटतो. लिगामेंटचा मागचा बळकट भाग शाबूत आहे का? तुटला असेल तर शिवता येईल इतका चांगला ऊतक शिल्लक आहे का? स्कॅफॉइड आपल्या जागी आहे की झुकले आहे? झुकले असेल तर हाडे सहज पूर्ववत बसतात का? आणि सांध्यातील कूर्चा अजून चांगली आहे का? या पाचही प्रश्नांत छेदाचा आकार कोठेच येत नाही. त्यांची उत्तरे मिळाली की छेदाचा आकार बराचसा आपोआप ठरतो.

पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर उघडण्याचे कारण क्वचितच उरते. दुर्बिणीतून साफसफाई, सांध्याच्या मागच्या आवरणाला टाके घालून ते घट्ट करणे आणि नीट व्यायाम एवढ्यावर भागू शकते. बळकट भाग तुटला आहे पण शिवण्याजोगा आहे आणि हाडे जागेवर आहेत, अशा वेळी दोन्ही मार्ग खुले असतात, आणि येथे मी सर्जनच्या हाताला वजन देईन : ज्याला जे काम सफाईने जमते त्याने ते करावे. फ्रान्समधील क्रिस्तॉफ मातुलँ यांनी प्रचारात आणलेली, मागचे आवरण आणि लिगामेंट दुर्बिणीतून एकत्र शिवण्याची पद्धत याच टप्प्यासाठी आकर्षक आहे. तिचा खरा फायदा व्रण लहान दिसण्यात नाही. मनगटाच्या मागच्या आवरणात हाडांना धरणारी इतर लिगामेंट असतात आणि सांध्याची स्थिती मेंदूला कळवणाऱ्या नाजूक चेतातंतूंचे जाळेही असते. उघडताना त्याला धक्का लागतो, दुर्बिणीत तो कमी लागतो. उघड्या शस्त्रक्रियेनंतर मनगट तळहाताकडे वाकण्याचा काही अंश कायमचा कमी होणे ही नेहमीची तक्रार आहे, आणि त्याचे एक कारण मागच्या बाजूला तयार होणारा हा ताठ व्रण आहे.

पण लिगामेंट आक्रसून गेले आहे, स्कॅफॉइड झुकले आहे आणि ते ढकलून जागी बसवावे लागते, असे चित्र निघाले तर दुर्बिणीची मर्यादा सुरू होते. काही निष्णात सर्जन कंडरेच्या पट्टीने पुनर्बांधणीही दुर्बिणीच्या मदतीने करतात, परंतु ते अवघड काम आहे आणि बहुतेक ठिकाणी या टप्प्यावर मनगटाच्या मागच्या बाजूला छेद घेऊन, हाडे डोळ्यांसमोर बसवून ते करतात. तुमच्या दुखापतीला पाच महिने झाले आहेत. पहिल्या सहा आठवड्यांत तुटलेली टोके एकमेकांना जोडण्याची जी संधी असते, ती काळाबरोबर कमी होत जाते. पाच महिन्यांनंतर ती संपलीच असे नाही. मी एवढ्या उशिरासुद्धा शिवता येतील अशी टोके पाहिली आहेत आणि दोन महिन्यांतच विरघळल्यासारखी झालेलीही पाहिली आहेत. आत पाहिल्याशिवाय हे कळत नाही. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ आली, म्हणजे हाडे जागेवर येतच नाहीत किंवा कूर्चा झिजली आहे, तर लिगामेंट दुरुस्त करण्याचा विषयच मागे पडतो आणि काही हाडे एकमेकांना जोडून टाकण्यासारख्या वेगळ्या शस्त्रक्रियांचा विचार करावा लागतो. तुमच्या पत्रातील वर्णन वाचून तेवढी वेळ आली असेल असे मला वाटत नाही.

आता तिसरे गृहीतक. दुसऱ्या डॉक्टरांनी ‘बघेन, मग ठरवेन’ म्हटले, ते तुम्हाला डळमळीत वाटले. मला ते दोघांच्या बोलण्यांतील अधिक नेमके वाटले. दुर्बीण हे केवळ दुरुस्तीचे साधन नाही. मनगटाच्या लिगामेंटविषयी सर्वांत खात्रीची तपासणीही तीच आहे. बोटांना ओढ देऊन सांधा किंचित फाकवतात, साधारण दोन ते पावणेतीन मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत घालतात आणि बारीक आकड्याने लिगामेंट ओढून पाहतात. विल्यम गाइसलर यांनी १९९६ साली मांडलेल्या चार श्रेणी अजून वापरात आहेत. त्यांतील चौथ्या श्रेणीत दोन हाडांमधील फट इतकी मोठी असते की २.७ मिलिमीटरची दुर्बीण त्यातून थेट आरपार जाते. हे पाहिल्यानंतर जो निर्णय होतो तो आधी केलेल्या निर्णयापेक्षा चांगला असणे स्वाभाविक आहे. पहिल्या डॉक्टरांवर मात्र मी अन्याय करणार नाही. हाताने तपासताना त्यांना फाट अर्धवट असल्याचे जाणवले असेल आणि म्हणून ते इतक्या खात्रीने बोलले असतील. त्यांना एकच विचारा : ‘आत गेल्यावर अपेक्षेपेक्षा जास्त बिघाड सापडला, तर तुम्ही काय कराल?’ ‘त्याच वेळी उघडून पुनर्बांधणी करेन, त्याची संमतीही आधीच घेईन’ असे उत्तर आले, तर दोन्ही डॉक्टर खरे तर एकच गोष्ट सांगत आहेत. ‘तसे होणार नाही’ असे उत्तर आले, तर मी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाईन.

दोन्ही पद्धतींची तुलना करणारी संशोधने तुम्ही इंटरनेटवर शोधालच. ती बहुतांशी थोड्या रुग्णांवरील आणि मागे वळून पाहून केलेली आहेत, आणि त्यांत गटही सारखे नसतात : सौम्य दुखापती दुर्बिणीकडे गेलेल्या असतात आणि जुन्या, बिघडलेल्या उघड्या शस्त्रक्रियेकडे. मग दुर्बिणीचे निकाल चांगले दिसले तर त्याचे श्रेय दुर्बिणीचे किती आणि सौम्य दुखापतीचे किती, हे वेगळे काढता येत नाही. टीएफसीसीच्या दुरुस्तीबाबत तुलना जरा अधिक झाली आहे आणि तेथे वेदना, पकड आणि सांध्याची स्थिरता यांत दोन्ही पद्धतींमध्ये ठळक फरक दिसलेला नाही.

टीएफसीसीचा विषय निघालाच आहे म्हणून अहवालातील दुसऱ्या नोंदीविषयी. करंगळीच्या बाजूला असलेल्या या कूर्चायुक्त गादीच्या कडेला रक्तपुरवठा असतो, म्हणून तेथील फाट शिवली तर भरते. मध्यभागी तो नसतो, म्हणून मधले छिद्र शिवत नाहीत. वयाबरोबर असे छिद्र पुष्कळांना पडते आणि त्यांतील अनेकांना कसलाही त्रास नसतो. तुमची कळ करंगळीच्या बाजूला नाही. ‘आत गेलोच आहोत तर तेही करून टाकू’ असा प्रस्ताव आला तर कारण विचारा. केवळ अहवालात आहे म्हणून त्याच्यावर उपचार करायचे नसतात. ज्या वाचकांना करंगळीच्या बाजूला, विशेषतः किल्ली फिरवताना किंवा कपडे पिळताना दुखते, त्यांच्यासाठी मात्र हीच गादी मुख्य संशयित असते, आणि त्यांनी विचारायचा प्रश्न असा की गादीचे हाडावरचे खोल मूळ सुटले आहे का. कारण ते सुटले असेल तर नुसती कड शिवून भागत नाही.

धोक्यांविषयीही स्पष्ट बोलायला हवे. दुर्बिणीची छिद्रे लहान असली तरी ती कातडीच्या संवेदना वाहणाऱ्या बारीक नसांच्या शेजारून जातात, त्यामुळे हाताच्या मागच्या भागावर बधिरता किंवा झणझणणारा ठिपका राहू शकतो. बोटे सरळ करणाऱ्या कंडरांनाही इजा होऊ शकते. उघड्या शस्त्रक्रियेत ताठरपणा जास्त. तारांच्या जागी जंतुसंसर्ग आणि हात बराच काळ सुजून दुखत राहण्याचा तो चिवट विकार दोन्हीकडे संभवतो. धूम्रपान करत असाल तर लिगामेंट भरून येण्याच्या दृष्टीने ते बंद करणे ही पद्धतीच्या निवडीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

शस्त्रक्रिया न करण्याचा पर्याय दोन्ही डॉक्टरांनी तुमच्यापुढे ठेवला की नाही, हे पत्रात नाही. फाट अर्धवट असेल आणि हाडे जागेवर असतील, तर हाताच्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली काही महिने व्यायाम करणे हा प्रामाणिक पर्याय आहे. काही स्नायू आवळले की ही फट मिटते आणि काहींमुळे ती उघडते, हे आता चांगले माहीत झाले आहे, म्हणून व्यायाम निवडून द्यावे लागतात. तुम्ही ताजा कलमात लिहिले आहे की पकड वाढवण्यासाठी रोज रबरी चेंडू दाबता. कृपया तो आजच बाजूला ठेवा. जोराने मूठ आवळली की बोटांकडच्या ओळीतील मधले मोठे हाड खाली दाबले जाऊन पाचरीसारखे नेमके त्याच फटीत शिरू पाहते. पूर्ण तुटलेले आणि झुकलेले मनगट मात्र वर्षानुवर्षे तसेच ठेवले, तर स्कॅफॉइड आणि कोपरापासून मनगटापर्यंत येणारे अंगठ्याच्या बाजूचे हाड (रेडियस) यांच्यातील कूर्चा ठरावीक क्रमाने झिजत जाण्याची शक्यता असते. वॉटसन आणि बॅलेट यांनी १९८४ साली तो क्रम मांडला. ती प्रत्येकाच्या बाबतीत झिजते असे नाही आणि पुढच्या महिन्यात झिजणार आहे असेही नाही. त्यामुळे दोन-तीन आठवडे घेऊन नीट विचार करायला तुम्हाला मोकळीक आहे, दोन-तीन वर्षे घ्यायला मात्र नाही.

तेवढ्या काळात तळहातावर रेटा देऊन उठू नका, कोपर टेकून उठा. उजवा हात तुमचा कामाचा असेल, तर तारा आत असताना अंघोळ, लिहिणे आणि गाडी चालवणे यांची सोय कशी होणार हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. शस्त्रक्रियेनंतर अनेकांची चिडचिड वेदनेपेक्षा याच गोष्टींनी होते. दोन्ही सर्जनांना विचारा की पुनर्बांधणीसाठी पट्टी लागली तर ती माझ्याच हातातील कंडरेची असेल का, तारा कातडीच्या बाहेर ठेवणार की आत, आणि त्या काढल्यानंतर व्यायाम कोण करून घेणार. या शेवटच्या प्रश्नाला ज्यांच्याकडे तयार उत्तर नाही, त्यांच्याविषयी मी जरा सावध राहीन.

आणि दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेले मूठ आवळून काढायचे एक्स-रे टाळू नका. ते खर्चिक नाहीत आणि निवांत हाताच्या एक्स-रेमध्ये लपलेली फट त्यांत दिसू शकते. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर संशयास्पद मानतात, पण काही जणांची फट मुळातच रुंद असते, म्हणून दोन्ही हातांचे काढून घ्या. एक एक्स-रे अगदी बाजूने, मनगट सरळ ठेवून काढलेला हवा. स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांच्यातील कोन त्यावर मोजतात आणि तो सहसा ३० ते ६० अंशांच्या दरम्यान असतो. पडलात त्या दिवशीचा ‘नॉर्मल’ एक्स-रेही शोधून सोबत न्या, कारण तेव्हाची फट आणि आजची फट शेजारी ठेवून पाहता आली, तर पाच महिन्यांत हाडे किती सरकली याचे उत्तर दोन्ही डॉक्टरांना एका नजरेत मिळेल.